डिस्कस आणण्याआधी ड्रम आणा

वाकडच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे : घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांची टाकी आहे. सध्या तिच्यात एंजलची जोडी, थोडे गप्पी आणि वीतभर वाढलेला एक सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) आहे. मुलीला डिस्कस हे थाळीसारखे गोल मासे फार आवडलेत, म्हणून दोन घ्यायचेत, एक लाल, मार्लबोरो रेड आणि एक निळा, ब्लू डायमंड. सोसायटीत एरवी महापालिकेचं पाणी येतं, उन्हाळ्यात टँकर. दुकानदार म्हणतो, आरओ बसवल्याशिवाय डिस्कस जगतच नाही. हे खरं का? आणि मासे कुर्ल्याहून आणावेत की कुरिअरने मागवावेत?

थेट उत्तरं आधी देतो. दोन घेऊ नका, पाच घ्या, नाहीतर घेऊच नका. आरओचा खर्च आत्ता करू नका. त्याऐवजी शंभर लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, एक छोटा पाण्यात बुडणारा पंप आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. एंजल आणि सकर दुसऱ्या कुणाला देऊन टाका. मासे कुठूनही आणा, पण खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

डिस्कस अवघड मासा म्हणून बदनाम झाला तो जंगली माशांच्या काळात. हा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. योहान हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. रिओ निग्रोसारख्या नद्यांचं पाणी चहासारखं तपकिरी, आम्लधर्मी आणि जवळजवळ क्षारविरहित असतं. तिथून पकडून आणलेला मासा आपल्या नळाच्या पाण्यात टिकत नसे, हे खरंच. पण आज दुकानात दिसणारे लाल, निळे, पिवळे, ठिपक्यांचे डिस्कस ॲमेझॉनचं तोंडही न पाहिलेले असतात. मलेशियातलं पेनांग, थायलंड, जर्मनी आणि आता आपल्याकडे चेन्नई, कोलकाता, मुंबईतले घरगुती ब्रीडर यांच्या टाक्यांत त्यांच्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या आहेत. सात ते साडेसात पीएचच्या पाण्यात ते खातात, वाढतात, भांडतात. त्यांना विशिष्ट आकडा लागत नाही, आकडा स्थिर लागतो. पाणी गरम लागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताजं लागतं. डिस्कस मरतात ते बहुतेक वेळा शिळ्या पाण्याने. पीएच चुकला म्हणून मेलेले मी फार कमी पाहिलेत.

आता तुमच्या पाण्याकडे येऊ. पिंपरी-चिंचवडला पाणी पवना धरणाचं. सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी, त्यामुळे मुळातच मऊ. डिस्कससाठी याहून चांगलं पाणी विकत घ्यायला जावं लागणार नाही. अडचण टँकरची आहे. टँकर बहुधा बोअरवेलवर भरतात, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं ते याच पाण्याने. मासा दोन्ही पाण्यांत जगेल. पण सोमवारी पवना आणि गुरुवारी बोअर, असं आलटूनपालटून केलंत तर कुठलाच मासा साथ देणार नाही, डिस्कस तर नाहीच.

म्हणून टीडीएस मीटर. पेनासारखा असतो, फार महाग नाही. महिनाभर दर दोन दिवसांनी नळाखाली धरा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. वर्षभर आकडा तीनशेच्या आत राहत असेल तर आरओचा विषय संपला. उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांत तो पाचशे-सातशेवर जात असेल, तर तेवढ्यापुरतं स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. निव्वळ आरओचं पाणी मात्र कधीही नको. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच उरत नाहीत. टाकीत रोज तयार होणारं आम्ल ते पाणी झेलू शकत नाही, आणि एके रात्री पीएच खाली कोसळतो. दुकानदार ‘आरओ बसवा’ म्हणतो तेव्हा ही दुसरी बाजू सांगत नाही. आरओ खरोखर लागतो तो अंडी घ्यायची असतील तेव्हा.

ड्रमचं काम असं. तुमची टाकी काठोकाठ अडीचशे लिटरची, प्रत्यक्षात सव्वादोनशे लिटर पाणी धरा. मोठ्या डिस्कसला प्रत्येकी चाळीस लिटर हा जुना हिशोब आहे आणि तो बरोबर आहे. त्या हिशोबाने पाच बसतात. आठवड्यातून दोनदा चाळीस टक्के पाणी बदलायचं म्हणजे दर खेपेला नव्वद लिटर. हे नव्वद लिटर आदल्या दिवशी ड्रममध्ये भरून ठेवायचं, त्यात एअर पंपाचा दगड सोडायचा. चोवीस तासांत क्लोरीन उडून जातो, आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन पीएच जिथे थांबायचा तिथे थांबतो. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की महापालिका क्लोरीन वाढवते, तेव्हा वास आला तर अँटीक्लोरीनचे थेंबही टाका. त्यात सोडियम थायोसल्फेटच असतं, घाबरण्यासारखं काही नाही. थंडीत ड्रममध्येही हीटर सोडायचा. मग छोटा पंप लावून पाणी टाकीत चढवायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. बादल्या उचलून हेच करायचं ठरवलंत तर पहिला महिना हौसेने कराल, दुसऱ्या महिन्यात एखादी खेप बुडेल आणि तिसऱ्यात मासे काळे पडायला लागतील. मी डिस्कस सोडून दिलेले जेवढे लोक पाहिले, त्यांतले बरेचसे माशांना नाही, बादल्यांना कंटाळले होते. म्हणून म्हणतो, ड्रम आधी. ड्रम ठेवायला बाथरूममध्ये किंवा गॅलरीत जागा नसेल तर डिस्कसचा विचार थांबवा आणि टेट्रांचा छान थवा पाळा.

फिल्टरवर थोडक्यात. स्पंज फिल्टर दोन, किंवा एक स्पंज आणि एक कॅनिस्टर (टाकीबाहेर बसणारा डब्यासारखा फिल्टर). टाकी चालू आहे म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार आहेत, ही तुमची जमेची बाजू. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट वीसच्या आसपास किंवा खाली, एवढं टेस्ट किटवर दिसलं की पुरे. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा : पीएच सातवरून आठ झाला की तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो, आणि गरम पाण्यात तो आणखी वाढतो. म्हणजे बोअरच्या पाण्यातल्या गरम डिस्कस टाकीला अमोनियाची चूक परवडत नाही. वाळू-खडे टाकू नका. तळ मोकळा ठेवलात तर शी आणि उरलेलं अन्न दोन मिनिटांत पाइपने ओढून काढता येतं. टाकी उघडीबोडकी दिसते, हे मान्य. एखादं ड्रिफ्टवुडचं (पाण्यात मुरलेल्या लाकडाचं) चांगलं खोड आणि त्याला बांधलेला अनुबियस किंवा जावा फर्न ठेवा. ही झाडं गरमी सोसतात.

तापमान २८ ते ३०. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली येतो, त्यामुळे मुंबईकरांसारखं हीटरशिवाय भागणार नाही. तीनशे वॉटचा एक घेण्यापेक्षा दीडशे-दीडशेचे दोन घ्या. एक बिघडून बंद पडला तर दुसरा रात्र काढतो, आणि एक अडकून चालूच राहिला तर एकट्याने टाकी उकळवू शकत नाही. दोन्ही मिळून थंडीत दिवसाला बारा तास चालले तर साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागेल, ते घरात आधीच सांगून ठेवा. टाकीत हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढायचा, रोज. मे महिन्यात उलटा प्रश्न. पाणी ३२ ला गेलं तरी डिस्कस सहन करतो, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. वीज गेली की आधी घुसमट होते, गारठा नंतर. सेलवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, किंवा एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या.

आता खरेदी. इथे वेळ घालवा.

दोनच का नाहीत, ते आधी. डिस्कस दिसायला संथ आणि सोज्वळ, पण टोळीत त्यांची उतरंड असते. दोन ठेवले तर एक दादागिरी करतो आणि दुसरा कोपऱ्यात, हीटरच्या मागे, काळवंडून उभा राहतो. त्याला खायला मिळत नाही, मग तो खंगतो. पाच-सहा असले की मार वाटला जातो. सगळे एकाच ठिकाणून, एकाच वेळी, साधारण एकाच मापाचे घ्या. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे धडधाकट मासे एकत्र केले आणि आठवड्यात दोन्ही गट आजारी पडले, असं डिस्कसमध्ये वारंवार होतं. एका गटाला सवयीचे असलेले जंतू दुसऱ्याला झेपत नाहीत.

माप किती? दोन इंची पिल्लू काही शेकड्यांत मिळतं, पाच इंची माशाला काही हजार मोजावे लागतात, म्हणून सगळ्यांचा हात पिल्लांकडे जातो. पण पिल्लांना दिवसातून पाच-सहा वेळा खायला आणि जवळजवळ रोज पाणीबदल लागतो. तो मिळाला नाही की वाढ खुंटते, आणि खुंटलेली वाढ नंतर भरून येत नाही. तुम्ही दोघंही नोकरीला जात असाल तर साडेतीन-चार इंची घ्या. पैसे जास्त जातील, पण सगळ्यात नाजूक महिने दुसऱ्याने काढलेले असतील.

दुकानात गेल्यावर लगेच बोट दाखवू नका. टाकीसमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. निरोगी डिस्कस माणूस दिसला की काचेकडे येतो, खायला मागतो. मागच्या काचेला चिकटून तिरका उभा राहणारा, अंग काळपट झालेला, पर आवळून धरलेला मासा रंग कितीही सुंदर असला तरी नको. डोळा बघा. अंगाच्या मानाने डोळा मोठा वाटत असेल तर तो मासा वयाने मोठा आणि अंगाने लहान आहे, म्हणजे खुंटलेला आहे. आकार थाळीसारखा गोल हवा, लांबुळका नको. मग समोरून बघा. डोळ्यांच्या वर, कपाळापाशी, माशाला जाडी हवी. तिथे सुरीच्या पात्यासारखा बारीक झालेला मासा आठवडेच्या आठवडे उपाशी आहे. कल्ले बघा. दोन्ही उघडझाप करताहेत का? एक कल्ला बंद ठेवून दुसऱ्यानेच श्वास घेत असेल किंवा श्वास धापा टाकल्यासारखा असेल तर कल्ल्यांत किडे असण्याची शक्यता मोठी. शी बघायला लाजू नका. काळी-तपकिरी, तुटक असेल तर उत्तम. पांढरी, पारदर्शक, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्याचं दुखणं आहे.

आणि शेवटी दुकानदाराला म्हणा, खायला टाका. चांगला विक्रेता आनंदाने टाकतो. ‘आत्ताच खाल्लंय’ हे उत्तर मिळालं तर म्हणा, संध्याकाळी येतो. संध्याकाळीही तेच उत्तर आलं तर दुसरं दुकान गाठा.

रंगाबद्दल. दीड-दोन इंची पिल्लावर मोठ्या माशासारखा गडद फिरोजी रंग आणि अंगभर रेघा दिसल्या तर सावध व्हा. टर्क्वाइजसारख्या जातींना रंग हळूहळू चढतो. लवकर चढवायचा तर पाण्यात किंवा खाद्यात संप्रेरक घालतात. काही आठवड्यांत रंग उतरतो आणि मासा नंतर प्रजननालाही निकामी ठरू शकतो. मात्र हाच नियम लाल माशांना सरसकट लावू नका. मार्लबोरो रेड हा पिजन ब्लड घराण्यातला. ही जात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडमधून आली, आणि तिच्यात रंग लहानपणीच दिसतो. शिवाय लाल रंग ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य घातलेल्या खाद्यानेही खुलतो, त्यात फसवणूक नाही. फक्त ते खाद्य बंद केलं की लाल थोडा नारिंगीकडे झुकतो, हे मुलीला आधी सांगून ठेवा.

या घराण्याची आणखी एक खोड आहे आणि तुमच्या निवडीशी तिचा थेट संबंध आहे. साध्या डिस्कसच्या अंगावर नऊ उभे पट्टे असतात. मासा घाबरला, आजारी पडला की ते गडद होतात, शांत झाला की पुसट. पाळणाऱ्याला हा फुकटचा इशारा असतो. पिजन ब्लडमध्ये हे पट्टे नाहीतच. ब्लू डायमंडमध्येही पट्टे दिसत नाहीत, निळा सलग असतो, फार तर सगळा मासा मळकट होतो. म्हणजे तुम्ही निवडलेले दोन्ही रंग असे आहेत की मासा दुखण्यात आहे हे अंगावरून उशिरा कळेल. तुम्हाला भूक आणि श्वास यांवरच लक्ष ठेवावं लागेल. माझं ऐकाल तर पाचांत एक तरी पट्टे दिसणारा रेड टर्क्वाइज घ्या. तो टोळीचा थर्मामीटर.

पार्श्वभूमीचंही असंच. पिजन ब्लडला गडद मागची काच दिली की त्याच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके वाढतात. म्हणून लाल माशांच्या टाकीला मागे फिकट निळा किंवा पांढरा कागद लावतात. ब्लू डायमंड मात्र काळ्या पार्श्वभूमीवरच उठून दिसतो. दोघं एका टाकीत हवे असतील तर फिकट निळा लावा. निळा मासा जरा कमी चमकेल, पण लाल मासा घाण दिसणार नाही.

कुर्ला की कुरिअर? कुर्ल्याच्या मासेबाजारात माल खूप, भाव कमी, पण गर्दीत मासा खाताना बघायला मिळणं कठीण, आणि तिथे पोचेपर्यंत तो आधीच एक-दोन पिशव्या फिरून आलेला असतो. जातिवंत ब्रीडरकडून कुरिअरने मागवणं मला त्याहून बरं वाटतं, पण त्याच दिवशी काढलेला, खातानाचा व्हिडिओ मागा आणि मेलेल्या माशाची भरपाई कशी देणार ते लेखी घ्या. पुण्यात किंवा मुंबईत स्वतः जाऊन बघता येईल असा घरगुती ब्रीडर सापडला तर दोन्ही पर्याय सोडा. त्याच्या पाण्याचा टीडीएस आणि पीएच विचारा, आपली टाकी आधीच त्याच्या जवळ आणून ठेवा.

पिशवी घरी आली की काय करायचं, यावर बराच चुकीचा सल्ला फिरतो. एक-दोन तासांच्या प्रवासातला मासा असेल तर पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, थोडं थोडं टाकीचं पाणी त्यात घाला, मग मासा सोडा. पण चोवीस तास बंद राहिलेल्या पिशवीला हा नियम लावू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. त्यामुळे साठलेला अमोनिया बिनविषारी रूपात पडून असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात थेंब थेंब नळीने तासभर सवय करत बसणं म्हणजे माशाला त्यातच शिजत ठेवणं. तापमान जुळवण्यासाठी पिशवी न उघडता तरंगवा. उघडल्यावर मात्र रेंगाळू नका. हाताने किंवा मऊ जाळीने मासा उचलून टाकीत, आणि पिशवीचं पाणी बेसिनमध्ये. टाकीचा दिवा त्या दिवशी बंद. पहिले एक-दोन दिवस मासे कोपऱ्यात आडवेतिडवे दिसले, काही खाल्लं नाही, तरी टाकीत हात घालू नका, औषधं ओतू नका.

एंजल आणि सकर काढायला का सांगितलं? एंजल डिस्कसच्याच कुळातला, म्हणून लोकांना जोडी जुळेल असं वाटतं. पण एंजल चपळ. खाद्य पडताच तो तुटून पडतो आणि डिस्कस विचार करत उभा राहतो. शिवाय त्याच्या अंगातले परजीवी डिस्कसला लगेच लागतात. सकर तर मोठा झाला की रात्री डिस्कसच्या रुंद अंगाला चिकटून त्यावरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी अंगावर गोल पांढरट चट्टे दिसले की समजावं. सकर कुणाला तरी द्या किंवा दुकानात परत करा, पण पवनेत किंवा तलावात सोडू नका. उजनीच्या जाळ्यांत सकर किती सापडतात हे तिथल्या मच्छीमारांना विचारा. तुम्ही डिस्कसशेजारी कार्डिनल टेट्रा, रमीनोज आणि तळाला स्टर्बाय कोरिडोरास ठेवू शकता. हे तिन्ही गरम पाणी मानवणारे.

गप्पींसह सगळे जुने मासे गेल्यावर टाकी दोन आठवडे रिकामी चालू ठेवा, ३० अंशांवर. कल्ल्यांतल्या किड्यांना मासाच मिळाला नाही तर ते फार तग धरत नाहीत. जिवाणू जगावेत म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाका. पाचही डिस्कस एकदम येणार असल्याने तुमची मोठी टाकीच पहिले दीड महिना विलगीकरणाची टाकी ठरेल. टेट्रा-कोरिडोरास त्यानंतर, आणि तेही महिनाभर वेगळे ठेवून.

खाद्य. जगभर डिस्कसवाले बीफ हार्टवर मासे वाढवतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे काही जण म्हशीचं हृदय वापरतात. पण त्याची गरज नाही. आपल्याकडे कोळंबी आहे. अर्धा किलो बारीक कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून घ्या. पाव किलो तिलापियासारखा कमी तेलाचा मासा, काटे काढून. उकळत्या पाण्यातून काढलेला मूठभर पालक, तीन-चार लसूण पाकळ्या, चमचाभर स्पिरुलिना (शेवाळाची) पावडर. मिक्सरला फिरवा, पण पेस्ट करू नका, चिवड्याएवढे कण राहू द्या. बिनचवीचं जिलेटिन थोड्या गरम पाण्यात विरघळवून, कोमट झालं की त्यात मिसळा. झिपच्या पिशवीत भरून लाटण्याने चपटं करा, पापडाहून जरा जाड, आणि सुरीच्या उलट्या बाजूने वरून चौकोन आखा. गोठल्यावर चौकोन तोडून टाकता येतात. जिलेटिन घातलं नाही तर पाणी दुधासारखं होतं आणि सगळा अमोनिया तुमच्या डोक्यावर.

हे रोज एकदा. दुसऱ्या वेळेला चांगल्या कंपनीचे डिस्कस ग्रॅन्युल्स. कच्च्या कोळंबीत आणि काही माशांत थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व बी-१ नष्ट करतं, म्हणून निव्वळ कोळंबीवर ठेवायचं नाही. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) चालतील. जिवंत ट्युबिफेक्स किडे नकोत. ते गटाराच्या चिखलात वाढतात आणि सोबत काय काय घेऊन येतात याला धरबंद नाही. मासे ट्युबिफेक्सला एकदा चटावले की ग्रॅन्युल्सकडे ढुंकूनही बघत नाहीत, हा त्रास वेगळा. खाद्य टाकीच्या दोन टोकांना टाका म्हणजे दबलेल्यालाही मिळेल. पंधरा मिनिटांनी उरलेलं पाइपने बाहेर.

आजारांमध्ये तुमची गाठ पडेल ती बहुतेक पांढऱ्या शीशी. मासा खाद्य तोंडात घेतो आणि थुंकतो, मग खाणंच सोडतो, कपाळ बसतं. पुढे डोक्यावर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं पडतात. पहिल्या दिवशी औषध नको. निम्मं पाणी बदला, तापमान हळूहळू ३२ वर न्या, हवा वाढवा, नायट्रेट तपासा. तीन-चार दिवसांत फरक नसेल तर मेट्रोनिडाझोल. मासा अजून खात असेल तर खाद्यातून, कारण दुखणं आतड्यात आहे. खात नसेल तर वेगळ्या छोट्या टाकीत, पाण्यातून, आणि रोज थोडं पाणी बदलून. एकच कल्ला चालत असेल तर ते काम प्राझिक्वांटेलचं, मेट्रोनिडाझोलचं नाही. माशांच्या दुकानात बाटलीतून विकतात ती निळी-पिवळी ‘सर्व रोगांवर’ औषधं टाकलीत तर आधी फिल्टरचे जिवाणू मरतील.

पाचांतून दीड-दोन वर्षांत एखादी जोडी जुळेल. मुलीला ते बघायला आवडेल, पण आधी सांगतो : दोन माद्याही जोडी करून अंडी घालतात, तेव्हा अंडी पांढरी पडली म्हणून लगेच पाण्याला दोष देऊ नका. नर-मादी असूनही अंडी फुकट जात असतील तर टीडीएस शंभरच्या खाली आणा. आरओची गाठ इथे पडते. जड पाण्यात अंड्याचं कवच कडक होऊन फलन नीट होत नाही. अंडी अडीच दिवसांत फुटतात, आणखी अडीच-तीन दिवसांत पिल्लं पोहायला लागतात आणि थेट आईबापाच्या अंगाला जाऊन चिकटतात. दोघांच्याही त्वचेतून पाझरणारा थर हेच त्यांचं पहिलं अन्न. त्या दिवसांत साधे डिस्कस अंगाने गडद होतात आणि पिल्लं त्या गडद आकाराकडे जातात. पिजन ब्लड गडद होऊ शकत नाही, म्हणून मार्लबोरोच्या पिल्लांना कधी कधी आईबाप सापडतच नाहीत. ती स्पंज फिल्टरला किंवा हीटरला चिकटून उपाशी मरतात. म्हणून जोडी वेगळ्या, फिकट भिंतींच्या रिकाम्या टाकीत ठेवतात. हीटरही पांढऱ्या जाळीआड टाकतात आणि पाण्याची पातळी खाली आणतात. पिल्लं चिकटली की दिवा रात्रीही मंद चालू ठेवा. अंधार पडला की ती विखुरतात, आणि सकाळपर्यंत निम्मी गेलेली असतात.